बारीक मीठ

नळीतून पेट्रोलचा एक थेंबही उतरला नाही.

शिवाने नळी तोंडाला लावून फुंकली आणि पुन्हा खाली सोडली. बाटलीतलं ताजं पेट्रोल टाकीत ओतून दहा मिनिटं झाली होती. झाकण उघडं होतं, म्हणजे हवा अडलेली नव्हती. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू होता. तरी नळी कोरडीच.

"वरच अडलंय," तो म्हणाला. "कार्बोरेटर मागनं बघू."

मैना समोरच्या स्टुलावर बसली होती. मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली होती. कामोठ्यातल्या या गॅरेजात ती पहिल्यांदाच आली होती. शिवा तिचा धाकटा दीर. अडतीस वर्षांत तो त्यांच्या उंबऱ्याला आला नव्हता. तिचा नवरा काशिराम जाऊन चार महिने झाले. त्याला अग्नी दिला तेव्हाही शिवा लांब, चिंचेखाली उभा होता.

सकाळी काशिरामची जुनी फटफटी टेम्पोतून उतरवली तेव्हा तो एवढंच बोलला होता, "आता आणलीस का, वैनी? वारंटी संपली तिची."

ती हसली नव्हती. मुलगा कल्पेश गाडी भंगारात द्यायला निघाला होता. ती आडवी आली. "आधी तुझ्या काकाला उघडू दे," म्हणाली. भंगारवाल्याने गाडी नेली असती तर तिला जे सांगायचं होतं ते सांगायला निमित्तच उरलं नसतं.

जमिनीचे पैसे आले त्या वर्षी काशिरामने ही गाडी घेतली. पुसायची शिवाने, बसायचं काशिरामने. दिवस मावळला की तो पळस्प्याला जायचा, ढाब्यावर प्यायचा आणि हायवेवरून डुलत परत यायचा. मैना ओट्यावर बसून गाडीचा आवाज येतो का ते ऐकत राहायची. तिला सातवा महिना लागला होता. त्याच आठवड्यात गावातला एक जण रात्री येताना ट्रकखाली गेला. दुसऱ्या दिवशी, घरात कुणी नसताना, मैनाने ओंजळभर मीठ घेतलं, लवकर विरावं म्हणून पाट्यावर बारीक केलं आणि टाकीत सोडलं. मिठाला घरात तोटा नव्हता. सगळं गाव मिठाच्या आगरात राबणारं. पाण्यात विरतं तसं विरेल, कुणाला कळणार नाही, असं तिला वाटलं. पेट्रोलमध्ये मीठ विरत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गाडी वेशीपर्यंत गेली आणि बंद पडली. काशिराम शिव्या देत ढकलत घेऊन आला आणि झोपला. पहाटे उठून पडवीत आला तर टाकी उघडी, शिवा शेजारी उकिडवा बसलेला आणि त्याची मूठ मिठाने भरलेली.

"सख्ख्या भावाची गाडी बघवली नाय तुला!" काशिरामच्या आवाजाने अर्धं गाव जमलं. शिवाने एक शब्द काढला नाही. दुपारी कपड्यांचं गाठोडं घेऊन तो निघून गेला. पडवीच्या दारात पोटावर हात ठेवून मैना उभी होती. तिनेही एक शब्द काढला नाही.

काशिरामने त्या गाडीला पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही. पडवीत तशीच ठेवली, पुरावा म्हणून. येईल त्याला दाखवायचा. कल्पेशच्या लग्नाची बोलणी करायला व्याही आले, त्यांनाही चहाआधी गाडी दाखवली. पळस्प्याला जाणं मात्र सुटलं. तो बहात्तर वर्षं जगला.

शिवाने पाना लावून कॉक टाकीपासून सोडवला. खाली थाळी धरली. पेट्रोलबरोबर तांबूस गाळ पडला. कॉकची जाळी त्याने उजेडात धरली. गंजाखाली पांढरा थर घट्ट बसला होता. त्याने तो नखाने खरवडला आणि दोन बोटांत चोळला.

मैनाने चार महिने वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"ते मी टाकलेलं, भावजी."

शिवाने वर पाहिलं नाही. तो उठला, चहाच्या शेगडीवरचं गरम पाणी वाटीत घेतलं आणि जाळी त्यात सोडली. पाणी गढूळ झालं. थर हळूहळू सुटू लागला.

"माईत हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"आगरातलं मीठ खड्याचं असतं. हे पाट्यावर वाटलेलं. आपल्या गावात कुठला बाप्या मीठ वाटत बसतो?" त्याने जाळी ब्रशने घासली. "एवढं मिठावर जगलेलं गाव. पण कुणी मिठाकडं बघितलंच नाय. सगळे माझ्याकडं बघत होते."

मैना स्टुलावरून उठली. मग एकदम तिचा आवाज चढला, अडतीस वर्षांपूर्वी जेवायला उशीर करणाऱ्या दिरावर चढायचा तसा.

"मग मूठ भरून बसलास कशाला, मेल्या? ठेवायचं होतं तिथंच आणि निघून जायचं. गाडी बिघडली, एवढंच झालं असतं!"

शिवाने जाळी पुसली, कॉक जागेवर बसवला, पान्याने आवळला. टाकीत पुन्हा पेट्रोल ओतलं. नळीच्या टोकाशी एक थेंब जमला आणि पडला. दुसरा पडला. मग बारीक धार लागली. तो त्या धारेकडे बघत राहिला.

"मेकॅनिक आला असता, त्याने टाकी उघडली असती," तो म्हणाला. "तुला सातवा लागलेला. दादाचा हात मला माईत होता." त्याने कॉक बंद केला. "अर्धं काढून झालं होतं, वैनी. दादा लवकर उठला."