शेजारणीचं औषध

बँकवालीच्या भुवया अजून जागेवर होत्या. पार्लरवाली केमोच्या सलाइनसाठी खुर्चीत टेकली, तिची नजर शेजारी गेली आणि सकाळी सकाळीच तिच्या पोटात दुखायला लागलं. तिच्या स्वतःच्या भुवयांना औषधालाही केस उरला नव्हता.

दोघी तिशीतल्या. दोघींच्या स्तनातल्या गाठी एकाच आठवड्यात काढलेल्या. नव्या औषधाच्या चाचणीत येता का, असं डॉक्टरीणबाईंनी दोघींनाही विचारलं होतं. "माझ्यावर प्रयोग नकोत," म्हणून पार्लरवालीने हात झटकले. बँकवाली सही करून मोकळी झाली. तेव्हापासून तिचा थाटच वेगळा. चाचणीची सिस्टर तिच्याजवळ स्टूल ओढून बसायची, झोप लागते का, तोंड येतं का, विचारायची. ही वाचणार आणि आपण आपल्या हट्टापायी मरणार, हे पार्लरवालीने मनाशी पक्कं केलं होतं. बँकवाली स्वभावाने चांगली होती, बिस्किटं पुढे करायची. त्याचाही तिला राग यायचा.

उपचाराच्या पहिल्या टप्प्यात चाचणीत केव्हाही नाव घालता येत होतं. आज तिने सिस्टरला हाक मारलीच.

"मलाही घ्या. पण हिला देताय तेच औषध हवं."

"तसं निवडता येत नाही, ताई. संगणक सोडत काढतो. निम्म्यांना नवं, निम्म्यांना नेहमीचं."

बँकवालीला हसू आलं. "माझंच हवंय? अगं, तेच तर चढतंय तुला. मला सोडतीत नेहमीचंच निघालं."

"मग या भुवया?"

"पेन्सिलीच्या आहेत. तुझ्या कशा लक्षात नाही आल्या?"

पार्लरवालीने वाकून पाहिलं. उजवी जरा वर चढली होती. जन्मभर बायकांच्या भुवया कोरणारी ती, पण जळफळाटात तिला एवढंही दिसलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

"मग, घालू का नाव?" सिस्टरने विचारलं.

हेवा संपला तशी पार्लरवालीची घाईही संपली. उरली नुसती भीती. आपल्यालाही नेहमीचंच निघालं तर? आणि नवं निघून ते बाधलं तर? तिने शेजारी पाहिलं.

"तू काय म्हणतेस?"

बँकवालीने बिस्किटांचा पुडा तिच्यापुढे केला.

"कर सही," ती म्हणाली. "पण तुला नवं निघालं, तर मला सांगू नकोस."