देवदर्शनाला नेलेली मतं

“गेणू कुठं गेला?” गाडी थांबते न थांबते तोच हिंदुरावांनी खाली उडी मारली.

गेणू ढाब्यामागं लघवीला गेला होता. तरी हिंदुरावांनी त्याच्यामागं माणूस धाडला. आठवडाभर हेच चाललं होतं. तुळजापूर झालं, अक्कलकोट झालं, गाणगापूर झालं. पण हिंदुरावांचं चित्त एकाही देवापुढं थाऱ्यावर नव्हतं. हात जोडलेले आणि डोळे रावजी अन् गेणूवर. विरोधी पार्टीनं यातला एक जरी फोडला, तरी सरपंचपद गेलंच म्हणायचं.

आणि ते जाऊन कसं चालेल? डाळजच्या पल्याडच्या त्यांच्या गावात ग्रामपंचायत सुरू झाली तीच मुळी हिंदुरावांच्या आज्याच्या ओसरीवर. पहिला सरपंच आजा, मग बाप, मग हे. यंदा मेलं आरक्षण आडवं आलं. सरपंच बाईच पाहिजे! पण हिंदुराव काय कच्च्या गुरूचे चेले? त्यांनी बायकोला, कुशाबाईंना, मेंबर करून टाकलं. सही तिची, कारभार आपला. आता मेंबरांनी आपल्यातून सरपंच निवडायचा होता. दोन्ही पार्ट्या बरोबरीला. रावजी आणि गेणू ज्याच्याकडं, सरपंचपद त्याच्याकडं, असं अख्खं गाव म्हणत होतं. म्हणून सभेच्या दिवसापर्यंत दोघांना देवदर्शन. सगळीच गावं करतात, त्यात नवल ते काय!

वाटेत टायर फुटलं. हिंदुरावांनी ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरल्या. ट्रॅक्स गावात शिरली तेव्हा सभा सुरू झाली होती. दोघांना बखोटीला धरून ते पंचायतीच्या दारात आले, तर शिपाई आडवा.

“आत फकस्त मेंबर.”

“आरं, ह्येच की मेंबर!”

“न्हाय तात्या. मेंबर ह्येंच्या बायका. त्या कवाच्या आत बसल्यात.”

हिंदुरावांनी दोघांची बखोटी सोडली. आठवडाभर ज्यांना डोळ्यांत तेल घालून राखलं, त्यांना मतच नव्हतं. ज्यांना होतं, त्या बायका इकडं गावात मोकळ्या. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. हिंदुराव दारापुढं येरझाऱ्या घालू लागले. घाम पुसत स्वतःलाच सांगू लागले, “आपली कुशा हाय की आत.”

आत टाळ्या वाजल्या. तहसील कचेरीच्या साहेबांचा आवाज आला, “सारजाबाई बिनविरोध सरपंच.”

सारजा! माळावरच्या धनगरवस्तीची मेंबर. तिला तर कुठल्याच पार्टीनं मोजलं नव्हतं.

कुशाबाई बाहेर आल्या. हिंदुराव धावलेच.

“आगं, तू अर्ज भरला न्हाईस?”

“भरला हुता. मागं घेतला. पल्याडच्या पार्टीच्या बाईनं बी घेतला. सारजेचं नाव बी म्याच सुचिवलं.”

“आपल्या घरातलं सरपंचपद दिलंस? कुनी फितिवलं तुला?” त्यांचा आवाज चिरकला. बघ्यांची त्यांना शुद्ध राहिली नाही.

“फितवाया कोन येतंय? तुमी समदे देवाला. आमी बायका बसलो, बोललो.” कुशाबाईंनी पदर सारखा केला. मग शांतपणे म्हणाल्या, “सारजेचा दादला मेंढरं घिऊन कोकनात ग्येलाय. तिच्या खुर्चीत बसाया घरात दुसरं कोन न्हाय.”