रिकाम्या बाटलीचं माप

सहा वाजून गेले होते आणि पट्ट्याचे चार इंच अजून विणायचे बाकी होते. क्रेनवाला खिडकीशी स्टुलावर बसला होता. मांडीवर निळ्या सुती दोऱ्याचा गुंडा, दोन गुडघ्यांच्या बेचक्यात रिकामी बाटली, तोंडात कात्री.

"कात्री काढा तोंडातून," बायको वेणी घालता घालता म्हणाली. ती बसमध्ये कंडक्टर होती. सातची पहिली फेरी तिची. "अर्धं अंग संपावर जाऊन आलंय, आता जीभही कापून घ्या."

"हं," क्रेनवाला म्हणाला. तोंडात कात्री असली की एवढंच म्हणता येतं.

अर्धांगाच्या झटक्याला चार महिने झाले होते. पाय कामावर रुजू झाला, जीभही आली. उजव्या हाताचं पहिलं बोट मात्र आकड्यासारखं वाकलं ते वाकलंच. ते सरळ होईपर्यंत क्रेनच्या केबिनमध्ये चढायचं नाही, असं सांगून डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. त्याने तो तीन दिवस दाबला. चौथ्या दिवशी "बावीस वर्षं लोखंड उचललंय मी," असं चेंडूलाच ऐकवून तो शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. कुत्र्याचा जबडा आता उत्तम आहे.

मग वरच्या मजल्यावरच्या शिवणबाईंकडून त्याने क्रोशाची सुई मागून आणली. बाईंनी त्याचं बोट उलटंपालटं करून पाहिलं. "असं बोट वाकवायला शिकवण्यात माझे महिने जायचे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तयारीनिशीच आलात."

बायकोच्या एका हातात तिकिटाचं यंत्र, दुसऱ्यात बसचा दांडा. बाटली ड्रायव्हरपाशी राहायची आणि गर्दीतून तिथवर पोचेपर्यंत तहान मरून जायची. म्हणून खांद्याला अडकवायची जाळी.

"बाजारात आयती मिळते," ती म्हणाली होती.

"आयतीने माझं बोट सरळ होणार आहे का?"

तीन जाळ्या उसवून झाल्या. एकदा तर बाटली आत ठेवून त्याने वरचं तोंडच विणून टाकलं. काम सुबक होतं. पाणी तेवढं पिता येत नव्हतं.

साडेसहाला शेवटचा टाका पडला. त्याने दोरा कापला, बाटली जाळीत घातली, पट्टा तिच्या खांद्याला लावून पाहिला. बाटली बरोब्बर कमरेला टेकली. बायकोने ती काठोकाठ भरली, जाळी खांद्याला अडकवली आणि निघाली.

दाराशी पोचेपर्यंत बाटली मांडीवर आली. चपला घालेपर्यंत गुडघ्यावर.

बारा टनांचं ओझं उचलण्याआधी जो माणूस भर घालून चाचणी घेतल्याशिवाय कळ दाबत नसे, त्याने जाळी तपासली होती रिकाम्या बाटलीवर.

"पट्टा विणलात की गुराचं लोढणं?"

"काढ. उसवतो."

"आत्ता? आणि बसची तिकिटं कोण फाडणार, कुत्रा?" असं म्हणत ती जिना उतरूसुद्धा लागली. प्रत्येक पायरीला बाटली नडगीवर ठक्‌ वाजत होती. क्रेनवाल्याने तिसऱ्या मजल्यावरून सगळे ठक्‌ मोजले आणि तो खिडकीकडे धावला.

ती रस्त्यावर आली होती. पट्टा वर ओढून गाठ मारली की काम भागणार होतं. तो ओरडला, पण खाली एक टेम्पो मागे येत कोकलत होता. मग त्याने हात वर केला. बावीस वर्षं ही खूण खालून त्याच्याकडे यायची: बोट आकाशाकडे, हवेत लहानसा गोल. वर घे. लग्नाला वीस वर्षं झालेली; बायकोला ती झोपेतही कळली असती.

कुठला हात वर गेला हे घाईत त्याने पाहिलंच नाही.

तिने पाहिलं. उजव्या हाताचं ते बोट सरळ उभं होतं.

टेम्पो निघून गेला. बस सुटायला वीस मिनिटं होती आणि डेपो पंधरा मिनिटांवर. ती नडगीपाशी बाटली लोंबत असताना रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि मान वर करून ओरडली, "कळलं नाही! पुन्हा सांगा!"