टेक्सासची चव

यशराज टेक्सासमध्ये अपघातात गेला त्याला तीन महिने झाले होते. इकडं राजारामपुरीत तिकडच्यासारखं बार्बेक्यूचं हॉटेल निघालंय असं कळलं आणि त्याचे वडील टेक्सासहून परतलेल्या सुनेला, प्रियदर्शनीला, हट्टानं तिथं घेऊन गेले. धुरावर भाजलेलं मटण पुढ्यात आलं, पण सासऱ्यांनी ताटाला हात लावला नाही. "फोनवर सारखा म्हणायचा, 'आबा, एकदा या की हे खायला.' मी ऊसतोडीचं निमित्त सांगायचो. असलंच असतंय व्हय तिकडं?" प्रियदर्शनीनं तुकडा चाखला. "न्हाय, मामा. तिकडं धूर हाडापातूर मुरतोय. हे नुसतंच गोड हाय." सासऱ्यांनी मान हलवली आणि खाली बघतच विचारलं, "त्या दिवशी जेवून गेलता न्हवं त्यो?" तिला ती सकाळ आठवली. भांडून, डबा ओट्यावरच टाकून तो उपाशी गेला होता. "व्हय मामा," ती म्हणाली, "पोटभर." सासऱ्यांनी पहिला घास घेतला.