निम्मं आटेपर्यंत

प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन बाटल्या होत्या: एकीत घरच्या नळाचं पाणी, दुसरीत वहिनीनं बाळाच्या दुधासाठी उकळलेलं. बाळाचे ओठ निळे पडल्यावर डॉक्टरांनी पाण्यातलं नायट्रेट मोजायला सांगितलं, आणि गावाचं पाणी तपासणं ही तर बाळाच्या आत्याचीच नोकरी. लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पुढे बाळाच्या जिवाला धोका. यंत्र आकडा दाखवायच्या आत दवाखान्यातून वहिनीचा फोन आला. “वन्सं, माझं कुठे चुकलं हो? नळाला गढूळ येतंय म्हणून उकळायला तुम्हीच सांगितलंत. मी तर रोज निम्मं आटेपर्यंत उकळलं. आई चिडवायच्या, पाणी उकळतेस की काढा!” आत्यानं उकळलेल्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट उरलेल्या पाण्यात दाट होत जातं. “बाळ कसंय?” “हाका मारतेय, डोळेच उघडत नाही.” यंत्रावर दोन्ही आकडे उमटले. नळाचं पाणी चव्वेचाळीस, उकळलेलं अठ्ठ्याऐंशी.