पुढचं डावं चाक

"आरसा चुकलाय," मामा म्हणाला.

भाचीने चिमटा खाली ठेवला. सकाळपासूनची ही अकरावी चूक. "काय झालं आता आरशाला?"

"एवढा चकचकीत नव्हता. चिखलाचे शिंतोडे असायचे त्यावर."

"मामा, अख्खी गाडी वीतभर, आरसा माझ्या नखाएवढा. त्याच्यावर शिंतोडे उडवू?"

"मग? तुला हुबेहूब करायचीय ना?"

तिने तपकिरी रंगाची बाटली उघडली. बारीक ब्रशने दोन ठिपके दिले. मामाने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "तीन होते." आता बोला!

पाच मिनिटं डोकावून जातो म्हणून आलेला माणूस चार तास स्टुलावरून हलला नव्हता. आठवडाभर ती दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवायची आणि सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून शर्यतीच्या गाड्यांची मॉडेलं. कवळीवाले परवडले, असं तिला वाटून गेलं. निदान माप घेताना तरी त्यांना बोलता येत नाही.

पण ही गाडी मामाचीच होती. म्हणजे तो जिचा मेकॅनिक होता ती. बत्तीस वर्षांपूर्वी भर शर्यतीत तिचं पुढचं डावं चाक निखळलं आणि चालकाचा पाय गुडघ्यापासून गेला. उद्या त्या चालकाचा सत्तरावा वाढदिवस. मॉडेल त्याच्या मुलीने मागितलं होतं, आणि मामालाही आग्रहाने बोलावलं होतं. इतक्या वर्षांत मामा त्या माणसासमोर एकदाही उभा राहिला नव्हता. "गाडी नीट झाली तर येईन," एवढंच तो म्हणाला होता. म्हणून तर भाची दात-ओठ खात का होईना, सगळं ऐकून घेत होती. त्याच्या सांगण्यावरून तिने नाकावरचा आकडा खरवडून काढला आणि जरा वाकडा लावला. सीटचा पट्टा पुन्हा कापला. आता फक्त चाकं राहिली होती.

तीन चाकं बसली. मामाने तिन्ही भिंगातून पाहिली आणि मान डोलावली. चौथं तिने दांड्यावर सरकवलं आणि त्याच्यावर मसुराएवढा नट दाबला.

"हे हलतंय," मामा म्हणाला.

"हलत नाहीये, फिरतंय. चाक आहे ते, फिरायलाच हवं."

"ओढलं तर निघेल."

"कोण ओढणारेय?"

"चिकटव."

"चिकटवलं तर फिरणार नाही, मामा! तीन आठवडे घासून घासून घडवलीत ही चाकं. नुसती फुंकर मारली तरी फिरतात. हे बघ." तिने फुंकर मारली. चाक गरगर फिरलं. मामाने मान वळवली.

"चिकटव म्हणतो ना!"

मग मात्र तिचं डोकं सटकलं. "तुला यायचंच नाहीये! सरळ सांग की तसं. आरसा झाला, आकडा झाला, पट्टा झाला, आता चाक. उद्या सकाळी म्हणशील, रंगाला वास येतोय. सबबी शोधतोयस नुसत्या, आणि मी मूर्खासारखी इथे ठिपके मोजत बसलेय!"

मामाने भिंग खाली ठेवलं. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "नट आवळला की दुसऱ्याने तपासून सही करायची, अशी पद्धत होती. तो दुसरा बाहेर सिगरेट ओढत होता. म्हटलं, कशाला हाक मारायची, मीच आवळलाय ना. चौकशीत त्यांनी एकच विचारलं, सही कुठंय?"

"पण तू आवळला होतास ना?"

"सगळ्यांना सांगितलं तसं. दहा वर्षं सांगितलं." त्याने भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. "आता मलाच आठवत नाही."

भाचीचा राग जागच्या जागी राहिला. तरी तिने ग्लूची नळी काढली, काडीच्या टोकावर थेंब घेतला.

"आण इकडे," मामा म्हणाला.

त्याने काडी घेतली आणि नटाच्या कडेला जोरात टेकवली. थेंब नटाखाली गेला, दांड्यावर ओघळला आणि काळ्या टायरवर पांढरट डाग पसरला. तीन आठवड्यांची मेहनत तिच्या डोळ्यांदेखत मातीत गेली. तिने मुकाट्याने डोळे मिटून घेतले. मामा अंगठ्याने नट दाबून बसला. एक मिनिट झालं, दोन झाली. तो अंगठा काही काढेना.

"वाळलं, मामा. सोड."

"ओढून बघ."

तिने चाक हलकेच ओढलं.

"असं नाही. जोर लाव."

"अरे, मोडेल ना!"

"मोडू दे. लाव जोर."

तिने चाक चिमटीत पकडून असं काही ओढलं, की अख्खी गाडी टेबलावरून उचलली गेली आणि तिच्या हाताला लोंबकळत राहिली. चाक जागचं हललं नाही.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "फिरणार नाही आता जन्मात, पण घट्ट आहे. झालं समाधान?"

मामाने खोक्यातला जोडणीच्या सूचनांचा कागद ओढला, उलटा करून तिच्यासमोर ठेवला आणि त्यावर पेन्सिल ठेवली.

"लिही. तपासलं म्हणून. आणि खाली सही कर," तो म्हणाला. "उद्या जाताना खिशात असलेली बरी."