बिनचुलीची न्याहारी

“आधी ओट, मग दूध, मग झाकण. बस, इतकंच,” इंदिरा म्हणाली.

“डाव शिगोशीग भरायचा का सपाट?” तिच्या नवऱ्यानं, बाबारावांनी विचारलं. सिव्हिल लाइन्सच्या सरकारी कचेरीत जन्म गेलेला माणूस. त्याला नियम लागतो.

“तुमच्या मनानं भरा.”

नेमकं तेच त्यांना जमेना. कांचघर मोहल्ल्यातल्या त्या घरात बाबाराव स्वयंपाकघरात येत ते पाटावर बसण्यापुरते. चूल पेटवणं सोडाच, काड्यापेटी कुठे असते हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आणि आता इंदिरा अमरावतीला निघाली होती, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला.

दोन्ही वेळचं जेवण ओमती मोहल्ल्यात आत्याबाईंकडे ठरलं होतं. अडचण सकाळची होती. सकाळी पोट रिकामं राहिलं की बाबारावांना शूळ उठे. मागच्या उन्हाळ्यात ते कचेरीतच आडवे झाले होते. पोहे त्यांना पचत नसत. शेजारच्या बेबीताईंनी रोज गरम सांजा पाठवला असता, पण परक्या घरचं शिजलेलं बाबाराव खात नसत. या एका बाबतीत ते फार कडक होते आणि बाकी सगळ्या बाबतीत फार भित्रे.

म्हणून इंदिरानं सदर बाजारातून ओटचा डबा आणवला होता.

“ही तर जई आहे,” डबा उघडताच बाबाराव म्हणाले होते. “पलटणीचे घोडे खातात.”

“साहेबही खातात.”

“मग तर नकोच.”

“अहो, चुलीवर चढलं कुठे ते? दाण्याला काहून विटाळ होईल? संध्याकाळी भिजवा, सकाळी गूळ घालून खा. हे तुम्हाला जमलं तरच मी जाते. नाही जमलं, तर नाही जात.”

ती खरंच गेली नसती. नवऱ्याला उपाशी ठेवून घर सोडणं तिला शक्य नव्हतं. त्यामुळे शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी दूध कमी पडलं आणि वाटीत लगदा झाला. दुसऱ्या दिवशी झाकण राहिलं. न्याहारी मांजरीनं केली. इंदिरा हसली नाही. तिला घाई होती.

लढाईचा तो दुसरा हिवाळा. ओमतीच्या चौकात अधूनमधून कुणीतरी सत्याग्रहाला उभं राही, इंग्रज सरकारच्या लढाईला मदत करू नका असं ओरडून सांगे आणि निमूट पोलिसांबरोबर चालू लागे. हल्ली बायकाही उभ्या राहू लागल्या होत्या. बाबाराव त्या चौकातून जाताना मान खाली घालत. घरात तो विषय निघाला की उठून खिडकी लावून घेत. “सरकारचं मीठ खातो आपण,” ते म्हणत.

आज दिवे लागायच्या वेळेला गवळी दारात म्हैस पिळून गेला होता. बाबारावांनी डाव भरला, सपाट. दूध ओतलं. झाकण ठेवलं.

“जमलं,” इंदिरा म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. “थंडी आहे तोवर दूध चालेल. उन्हाळा लागला की नासतं. मग ताकात भिजवत जा. ताक आत्याबाई देतील.”

बाबारावांनी मान वर केली. “उन्हाळ्याला तर अजून खूप अवकाश आहे.”

“माहीत असलेलं बरं.”

वरच्या फळीवर गुळाचा डबा होता, त्याच्याशेजारी डिंकाची बरणी. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. बाबाराव थोडा वेळ तिकडे बघत राहिले. मग हात धुऊन बाहेर गेले.

सकाळी इंदिरा आवरून आली. अंगावर जाडंभरडं पांढरं लुगडं, गळ्यात मंगळसूत्राशिवाय काही नाही. गाडीत चोरांची भीती असते, असं तिनं न विचारताच सांगितलं. स्टेशनवर येऊ नका, असंही सांगितलं.

बाबाराव पाटावर बसले होते. समोर झाकलेल्या दोन वाट्या होत्या.

“दोन काहून?”

“एक तुझी. तू झोपायला गेल्यावर भिजवली.”

“मला नको. मी गाडीत खाईन काही.”

“बाळंतपणाला चाललीस,” बाबाराव म्हणाले, “आणि डिंकाची बरणी भरलेलीच आहे. लाडू नाही, टोपडं नाही, दुपटं नाही.”

इंदिरा उभीच राहिली. आता हे अडवणार, तिला वाटलं. नोकरी म्हणतील, साहेब म्हणतील, मीठ म्हणतील. त्यांनी अडवलं असतं तर त्यांना ओलांडून जायचं बळ तिच्यात नव्हतं, आणि हे तिला त्या क्षणी फार वाईट रीतीनं कळलं. सवयीनं तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकी सताड उघडी होती.

बाबारावांनी वाटीवरचं झाकण काढलं, गूळ कुस्करून घातला आणि वाटी तिच्यापुढे सरकवली.

“खाऊन घे,” ते म्हणाले. “जेलात सकाळी काय देतात, कोणाला माहीत.”